खालची खोली

या मेंटरपणात कौशल्याबाई ढोमणेंना काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं कोणी त्यांना देव्हाऱ्यात बसवायला नको, की कारस्थानी म्हणायला नको. त्यांना खालची खोली मिळणार होती. जिन्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीला लागून, कडुनिंबाच्या सावलीतली. सध्या त्यांचा सातवीचा वर्ग वर भरायचा, टिनाच्या छपराखाली. होळी झाली की ते टिन असं तापायचं, की पोरांच्या डोक्याचं तेल कपाळावर उतरायचं. टिन एकवेळ सोसलं असतं. जिना सोसत नव्हता. बाईंचे गुडघे गेले होते. उजवा आधी गेला आणि डावा त्याच्या सोबतीला गेला. जिना चढताना त्या मध्येच थांबत आणि पोरांचे कपडे नीट आहेत का ते पाहत असल्यासारखं करत.

पाचवीला शिकवणाऱ्या नव्या गुंजन बोरकरला मिळणार होती पक्की नोकरी. हेडमास्तर धनंजय सरांना मिळणार होती संस्थेच्या बैठकीत शाबासकी. देण्याच्या बाजूला त्या दिवशी तरी कोणाच्याच नावावर काही दिसत नव्हतं. असं दिसलं की शहाण्यानं सावध व्हावं, पण शहाणं कोण होतं तिथं?

शाळा भिलाईच्या कडेला होती. पोलाद कंपनीचे क्वार्टर मागं पडतात, अहिवाऱ्याकडचा रस्ता लागतो आणि धानाची शेतं सुरू होतात, तिथं. चुनखडी भरलेले हायवा ट्रक दिवसभर धडधडत जात आणि फळ्यावर खडू लावण्याआधीच पांढरं चढलेलं असे. पोरं हायवा हाकणाऱ्यांची आणि धान पेरणाऱ्यांची.

धनंजय सर रायपूरहून ट्रेनिंग घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांना स्टाफरूममध्ये बसवलं.

"यापुढं बाहेरून कोणी येणार नाही. आपल्या नव्या शिक्षकाला आपलाच जुना शिक्षक घडवेल. याला मेंटरिंग म्हणतात. कौशल्या मॅडम, गुंजन तुमच्याकडे. महिनाअखेरी मी तिच्या तासाला बसेन. तास चांगला झाला तर तिला पक्कं करू आणि तुम्हाला खालची खोली देऊ. नाही झाला तर..." सरांनी गुंजनकडे पाहिलं. "तर तिला दुसरीकडे बघावं लागेल."

गुंजननं ओढणीचं टोक मुठीत धरलं. ती दुर्गच्या रेल्वे लाइनवरच्या गँगमनची पोर. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि पाचवीच्या पोरांशी छत्तीसगढी बोलायची, आणि साहेबासमोर तिन्ही भाषा विसरायची.

"सर, पण मेंटरनं करायचं काय नेमकं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"करायचं काहीच नाही मॅडम. मागं बसायचं, पाहायचं. मग विचारायचं, तुला काय वाटतं? उत्तर आपण द्यायचं नाही. ते तिच्यातून आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "येतं. ट्रेनिंगमध्ये आलं होतं."

संध्याकाळी बाईंचे यजमान दौलतराव स्कूटर घेऊन फाटकाशी उभे होते. ते कंपनीच्या कोक ओव्हनमधून रिटायर झाले, सेक्टर सहाचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी शाळेच्या अलीकडच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि मागं लाल भाजीचे वाफे केले. घरात दोघंच. उन्हाळा लागला की नळाला पाणी सुटेना, मग हापशी. बाईंनी हापसायचं, दौलतरावांनी बादल्या वाफ्यापर्यंत न्यायच्या. हापसताना गुडघे वाकवावे लागत नाहीत, म्हणून हे काम बाईंनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि वर, मी हापसते म्हणून भाजी जगते, असंही ऐकवायच्या.

"मेंटर म्हंजे काय होते व?" दौलतरावांनी विचारलं.

"मी मांगं बसाचं, तिनं शिकवाचं. मंग मी विचाराचं, तुले काय वाटते."

"आन् तुले काय वाटते थे?"

"थे सांगाचं नाही."

दौलतरावांनी भरलेली बादली परत खाली ठेवली. "मंग तू जाऊनच कावून राहिली?"

बाईंनी जोरात हापसलं. पण जेवायला बसल्यावर त्यांनी सराव म्हणून विचारलं, "तुमाले काय वाटते, वरण कसं झालं?"

दौलतरावांचा घास हातातच राहिला. "कावून? काही पडलं काय त्याच्यात?"

"नाही जी. तुमच्यातून उत्तर आलं पाह्यजे."

"माह्यातून काय येते! मीठ कमी आहे. थे आणून दे."

सरांनी सांगितलं होतं तसं उत्तर आतून आलं होतं खरं, पण यानं गुंजनचं काय भलं होणार, ते बाईंना उमगेना.

पहिल्या दिवशी त्या पाचवीच्या मागच्या बाकावर बसल्या. बाक लहान पोरांचा. गुडघे फळीला टेकले आणि तिथंच अडकले. साऱ्या वर्गानं माना मागं वळवल्या.

"बड़े मैडम काबर आए हे?" एकानं दुसऱ्याला विचारलं.

"हमर मैडम फेल होगे हे, तेकर सेती."

आपली मॅडम नापास झाली म्हणून मोठ्या मॅडम आल्या, हे गुंजनच्या कानावर गेलं. विषय अपूर्णांकांचा होता. तिनं खडू फळ्यावर टेकवला तो मोडला. दुसऱ्या तुकड्यानं तिनं वरचा आकडा खाली लिहिला, खालचा वर लिहिला, पुसला आणि पुन्हा तसाच लिहिला. बाईंनी पदराचं टोक दातात धरलं. मागं बसायचं, पाहायचं. पण नव्या सुनेनं पोळी तव्यावर करपवली तर जुनी बाई किती वेळ पाहत राहील?

"थांब वं, थांब." बाई उठल्या, पुढं गेल्या आणि गुंजनच्या हातून खडू घेतला. फळ्यावर गोल रोटी काढली, तिचे चार तुकडे केले, एक रंगवला. डस्टर टेबलावर आपटलं.

"ऊपर वाला?"

"अंश!"

"नीचे वाला?"

"हर!"

वर्ग दणाणला. गुंजन खिडकीपाशी उभी होती, भाड्यानं घर पाहायला आलेल्या माणसासारखी. आत आहे, पण कशाला हात लावावा ते कळत नाही.

तास संपल्यावर बाईंना आठवलं की उत्तर द्यायचं नव्हतं. आता निदान प्रश्न तरी विचारावा म्हणून त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"गुंजन, तुले काय वाटते, कसा झाला तास?"

"मॅडम, आप ही बताइए ना."

"नाही. तुह्यातून आलं पाह्यजे."

"खराब झाला?"

बाई नियमाप्रमाणे गप्प राहिल्या.

"बहुत खराब?"

बाई गप्पच.

"मुझे निकाल देंगे क्या, मॅडम?"

आता काय करावं हे ट्रेनिंगवाल्यांनी सरांना सांगितलं असेल तर सरांनी पुढं सांगितलेलं नव्हतं. गुंजनच्या डोळ्यांतून पाणी पडायला लागलं. बाईंनी घाईघाईनं डबा उघडला आणि भाकरीवर आंबाडीची भाजी ठेवून तिच्या हातात दिली. ती रडत रडत खात राहिली. बाईंना वाटलं, मेंटरिंग काही वाईट चाललेलं नाही.

गुंजननं मात्र त्या दिवशी आपल्यापुरतं एक गणित सोडवलं. बाई काही सांगत नाहीत, म्हणजे मनात काहीतरी धरून बसल्या आहेत. मनात काय असणार? बाईंना बाईंचंच शिकवणं आवडतं, हे तर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ती बाईच व्हायला लागली. फळ्यावर रोटी आली. डस्टर आपटलं जाऊ लागलं. "ऊपर वाला?" हा सूरही तोच, शेवटी वर जाऊन जरा फाटणारा. बाई मागच्या बाकावरून पाहत आणि त्यांना आरशासमोर बसल्यासारखं व्हायचं. एकदा प्लॅटफॉर्मवरून उतरताना गुंजननं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुह्या गुडघ्याले काय झालं वं?" नंतर बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं मॅडम." गुंजन लाजली.

रागवावं की खूश व्हावं, बाईंना ठरवता येईना. तेवढ्यात धनंजय सर व्हरांड्यातून गेले. "वा मॅडम! बाहेरून वाटलं तुम्हीच शिकवून राहिल्या." मग बाईंनी खूश व्हायचं ठरवलं. त्या दिवशी घरी जाताना त्या खालच्या खोलीत शिरल्या, खिडकी उघडून पाहिली, टेबल कुठं ठेवायचं तेही ठरवून टाकलं.

एक गोष्ट त्यांना टोचली होती, नाही असं नाही. लाल रिबिनीच्या एका पोरीला त्यांनी सहज विचारलं होतं, "आधी रोटी मतलब कितनी रोटी?" पोरीनं ताठ उभं राहून सांगितलं, "अंश!" सारा वर्ग सूर छान धरत होता आणि रोटी कोणाच्याच पोटात गेली नव्हती. बाईंनी ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. खिडकीतून कडुनिंबाचा वारा येत होता, तेव्हा अशा गोष्टी बाजूला ठेवता येतात.

मग एका दुपारी त्यांचा तास मोकळा होता. खाली पाणी पिऊन त्या एकेक पायरी चढत होत्या, तर वरून आरडाओरडा ऐकू आला.

"जोर लगा के..."

"हइसा!"

पाचवीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी आत पाहिलं. गुंजननं चपला काढल्या होत्या, ओढणी कमरेला बांधली होती. आठ पोरं एका लांब बाकाभोवती उभी होती आणि बाक त्यांनी कमरेइतका उचलून धरला होता. दुर्ग लाइनवर गँगमन रूळ उचलतात तसा. हात थरथरत होते, घाम नाकावरून टपकत होता.

"चार जन छोड़व!"

चौघांनी हात काढले. बाक खचकन खाली बसला, उरलेल्या चौघांच्या माना ताणल्या.

"कितना हिस्सा ताकत चली गई?"

"आधी!"

"किसने बोला?"

"हाथ बोलिस, मैडम!" लाल रिबिनीवाली ओरडली. ती उरलेल्या चौघांत होती.

"अब दो और छोड़व!"

"पाव बाचगे! पाव बाचगे! मैडम, गिरही!"

बाक जमिनीवर आपटला आणि सारा वर्ग हसून लोळला. गुंजनही हसत होती. हसताना ती कोणासारखीच दिसत नव्हती. तिनं वर पाहिलं. खिडकीत बाई. हसू गेलं, ओढणी सुटून खांद्यावर आली, पोरं धडाधड जागेवर बसली.

"ऊपर वाला?" गुंजननं डस्टर आपटलं.

"अंश!"

बाई आपल्या वर्गाकडे गेल्या. पाय कुठं पडतोय तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी हापशीवर त्यांनी सारं दौलतरावांना सांगितलं.

"कोनाचं चांगलं आहे? तिचं का तुहं?"

"तिचं."

"मंग सांग तिले."

"साहेबाले गोंधळ खपत नाही. पोट्टे वरडले का माही खोली गेली."

"मंग नको सांगू."

"आन् माह्यासारखं शिकवून पोट्ट्याइले काहीच समजलं नाही, साहेबानं विचारलं, पोरीची नोकरी गेली तं?"

"मंग सांग."

"अवो, काहीतरी एक बोला ना!"

"माह्यातून येत नाही," दौलतराव म्हणाले आणि बादली उचलून वाफ्याकडे गेले.

बाई बराच वेळ हापसत उभ्या राहिल्या. दुसरी बादली लावायची राहिली होती, पाणी नुसतं मातीत जात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंजनला जिन्याशी अडवलं. "सर बसतीन त्या दिवशी तुह्या मनानं शिकव. थे बाक उचलाचं."

गुंजन त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. "मॅडम, ये टेस्ट है क्या?"

"नाही वं माय."

"मतलब आपको क्या लगता है?"

"मले वाटते थेच सांगून राहिली!"

"नहीं, मतलब सच में क्या लगता है?"

"सच में!"

गुंजननं मान हलवली. आजपर्यंत जी बाई प्रश्नच विचारत आली तिनं एकदम उत्तर दिलं, तर त्यात काहीतरी मेख असणारच, असं तिला वाटलं असेल. बाईंनाही वाटलं, आपणच हिला असं करून ठेवलं. पण ते बोलून कसं दाखवावं हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये होतं?

तो दिवस उगवला तो तापलेलाच. टिन सकाळीच कडकडायला लागलं होतं. सरांसाठी खुर्ची आली, मेंटरसाठी बाकच. बाईंनी पाय आत घातले आणि गुडघे फळीखाली अडकवून घेतले. रस्त्यावरून हायवा गेला, खिडकीची तावदानं थरथरली.

गुंजननं सरांना नमस्कार केला. मग चपला काढल्या.

"आठ जन आवव!"

सरांच्या कपाळाला आठी पडली. पोरं बाकाभोवती गोळा झाली. "जोर लगा के..." "हइसा!" टिन घुमलं. सरांनी पेन वर धरलं, ते तसंच राहिलं. बाक उचलला गेला. दुसऱ्या 'हइसा'ला सरांचा बूट जमिनीवर ठेका धरायला लागला, त्यांना ते कळलंही नसेल. बाईंना कळलं. जमलं, त्यांनी मनात म्हटलं. पोरीचं जमलं, आपलं जमलं. आणि त्या आनंदात त्या जरा पुढं सरकल्या.

उजव्या गुडघ्यात अशी कळ गेली, की डोळ्यांपुढं पांढरं झालं. तोंड वेडंवाकडं झालं, दातांवर दात बसले, "स्स्स" असा आवाज निघाला, मान आपोआप डावी-उजवी हलली.

डोळे उघडले तर गुंजन त्यांच्याकडेच पाहत होती.

"चार जन..." तिच्या तोंडात तेवढंच राहिलं. "रखो. रख दो बेंच."

पोरांनी बाक ठेवला. गुंजननं चपला घातल्या, फळ्याकडे वळली आणि गोल रोटी काढली. बाई मान हलवून नाही, नाही म्हणायला लागल्या, तर तिनं मागं वळून ते पाहिलं, आणखी घाबरली आणि हात भरभर चालवला.

"ऊपर वाला?"

पोरांचे हात अजून बाकाच्या वजनानं लाल होते.

"मैडम," लाल रिबिनीवालीनं विचारलं, "हइसा नइ करबो?"

गुंजननं डस्टर आपटलं. त्यापुढं तास चालला, पण तो संपायची वाट पाहत चालला.

सरांनी वही मिटली. "मॅडम, मला कळलं नाही. यात किती बायका शिकवत होत्या? ऑफिसात या."

ऑफिस बरोबर पाचवीच्या खाली होतं. सरांनी पंखा वाढवला. "सुरुवात चांगली होती. गोंगाट होता, पण पोरं समजून राहिली होती. मग ती घाबरली. घाबरणाऱ्या माणसाला मी पक्कं कसं करू? दुसरा भाग तर तुमचाच होता, मी ओळखला. तुमच्या शिकवण्यात कमी नाही. खोलीचा शब्द मी पाळतो. गुंजनचं काय करायचं, तुम्ही मेंटर, तुम्ही सांगा."

म्हणजे आता बाईंनी नुसतं 'बघा सर, तुम्हाला योग्य वाटेल तसं' म्हणायचं होतं. एवढं म्हटलं की कडुनिंब आपला. बाईंनी तोंड उघडलं तेही तेवढंच म्हणायला.

"सर, ती माह्या तोंडाले भ्याली."

"काय?"

"माह्या गुडघ्यात कळ आली. मी तोंड वाकडं केलं. तिले वाटलं मले पसंत नाही, म्हणून तिनं सोडलं. तिचं चुकलं नाही जी. थो तास मी मोडला."

"गुडघ्यामुळं?"

"हाव."

"म्हणजे मेंटरनं चालू तासात व्यत्यय आणला."

बाईंना तो शब्द जड वाटला, पण त्यांनी मान हलवली. सरांनी तो लिहून घेतला. मग खुर्चीत मागं टेकून बराच वेळ छताकडे पाहत बसले.

"ठीक आहे. पोरीला पक्कं करतो. बाक उचलणंही चालू दे, मला आवडलं. पण वर नाही मॅडम. टिनाखाली सारी शाळा घुमते आणि बाक आपटतो तो माझ्या डोक्यावर. पाचवी खाली आणतो. कडुनिंबाच्या खोलीत."

"आन् मी?"

"तुम्ही आहात तिथंच. तुमचा वर्ग कसा शांत असतो!" सर उठले. "आणि ते गुडघ्याचं मनावर घ्या. कोणाला तरी दाखवा."

बाहेर व्हरांड्यात गुंजन उभी होती. आतलं तिला ऐकू आलं नव्हतं. बाई तासानंतर ऑफिसात गेल्या, बराच वेळ बसल्या, आणि सरांनी वहीत काहीतरी लिहिलं, एवढं तिनं काचेतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिला पक्कं केल्याचं कळलं तेव्हा तिनं हिशोब असा लावला, की बाईंनी चुगली केली, पण सर भले माणूस.

"गुंजन," बाईंनी तिला खालच्या खोलीच्या दारात गाठलं. आत पोरं बाक लावत होती. "त्या दिवशी माहा चेहरा..."

"रहने दीजिए मॅडम. आपको जो लगा, आपने बोला."

"आयक तं..."

घंटा झाली. गुंजननं वाकून नमस्कार केला, नको तितका वाकून, आणि आत गेली. बाई जिन्याकडे वळल्या. अर्ध्यावर थांबल्या. या वेळी पोरांचे कपडे पाहायचंही त्यांना सुचलं नाही.

झालं ते असं. गुंजन पक्की झाली आणि खोलीही तिलाच गेली. संस्थेच्या बैठकीत धनंजय सरांचं कौतुक झालं, पुढच्या वर्षी सगळ्या शाळेत मेंटरिंग करायचं ठरलं. पाचवीच्या पोरांना अर्धं आणि पाव कळलं, कायमचं. देण्याच्या बाजूला बाईंचा जिना आला, टिन आलं, आणि चुगलखोर हे नाव आलं. ते त्या निमूट घेऊन बसल्या. आणि रोज संध्याकाळी वाफ्याला पाणी घालून झालं की दौलतराव तिळाचं तेल कोमट करतात, उंबऱ्याशी बसून बाईंचा उजवा पाय मांडीवर घेतात, मग डावा. त्यांना यात काय मिळणार, हे पहिल्यापासून कोणी मांडलंच नव्हतं. देणं भरतात मात्र तेच, दोन्ही हातांनी.